सुरजागडची जनसुनावणी सुरजागडला का नाही?

मागे एका मे महिन्यात आलापल्ली-एटापल्ली रस्त्याकडेच्या एका गावात तेंदूपानांचे पुडे बांधत बसलेल्या एका बाईंजवळ मी थोडा वेळ थांबलो होतो. सत्तर पाने मोजायची, देठ एका बाजूला जुळवायचे आणि सालीच्या दोरीने आवळायचे, असे त्यांचे काम चालले होते. मधूनच त्या एखादे पान पदराला पुसून घेत. लोहखनिजाचे ट्रक सुरू होण्यापूर्वी पाने पुसावी लागत नसत, असे त्यांनी सांगितले; तक्रारीच्या सुरात नव्हे, हवामान सांगावे तसे.

गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर असलेल्या लोहखनिजाच्या खाणीविषयी बोलताना ‘मागास भागात रोजगार येत आहे, मग विरोध कशाला’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. रोजगार आला आहे, हे मी नाकारत नाही. खाणीच्या गणवेशातील मुले एटापल्लीच्या बाजारात दिसतात आणि त्यांच्या घरी पगार पोहोचतो. माझा आक्षेप त्या प्रश्नातील गृहीतकाला आहे, की त्या डोंगरावर आधी काही नव्हतेच.

सुरजागडचा डोंगर हे माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. याच डोंगरावर 2007 मध्ये सुमारे 348 हेक्टरचा खाणपट्टा देण्यात आला. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी तेथे सत्तरहून अधिक वाहने जाळली. त्या हिंसेचे समर्थन होऊच शकत नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला, की बंदोबस्ताच्या सावलीत साधा प्रश्न विचारणारा माणूसही संशयित ठरू लागला. ‘शेतात लाल गाळ का आला’ एवढे विचारायलाही हिंमत लागावी, ही स्थिती खाणीला सोयीची असेल, लोकशाहीला नाही.

मला सर्वाधिक खटकते ती जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याची बैठक. पर्यावरणीय मंजुरीविषयीची 2006 ची केंद्रीय अधिसूचना सांगते, की सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ व्हावी. उत्पादन वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावावरील सुनावणी मात्र ऑक्टोबर 2022 मध्ये गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात झाली, म्हणजे डोंगरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. कारण सुरक्षेचे दिले गेले. ज्या भागातून दिवसरात्र ट्रक सुरक्षित बाहेर पडू शकतात, तेथे एक मांडव टाकून दिवसभर लोकांचे ऐकणे मात्र असुरक्षित ठरावे, हे मला पटत नाही.

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. एटापल्ली-भामरागडकडच्याही अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. तेव्हा येथे अर्थव्यवस्था नव्हती असे म्हणणे खोटे आहे. ती होती, आहे, आणि तिचा हिशेब ग्रामसभेच्या वहीत लिहिलेला असतो. खाणीचा हिशेब कुठे असतो? जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) 30 टक्के इतकी रक्कम खाणबाधितांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होते, ही तरतूद चांगलीच आहे. पण तो पैसा कशावर खर्चायचा, हे ठरते जिल्ह्याच्या ठिकाणी. पुडे बांधणाऱ्या त्या बाई तेथे अर्जदार असतात, मालक नव्हे.

ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. तेथे डोंगर हेच दैवत होते. 12 ग्रामसभा बसल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. सुरजागड परिसरातील सगळी गावे नकारच देतील, असे मी म्हणत नाही. काही गावे अटी घालून होकार देतील, काही धुळीचा आणि रस्त्याचा बंदोबस्त आधी मागतील. परंतु विचारले गेले, तरच हे कळेल.

म्हणून पुढच्या कोणत्याही विस्ताराची सुनावणी डोंगराच्या पायथ्याशी व्हावी, प्रकल्पाचा सारांश मराठीत छापून न थांबता माडिया भाषेत वाचून दाखवला जावा, आणि ती मे महिन्यात ठेवू नये. तेव्हा माणसे पहाटेपासून पाने तोडायला गेलेली असतात.