चूल आणि बॉयलर यांना एका तागडीत तोलू नका

एक मजकूर या महिन्यात माझ्याकडे तिघांकडून आला. त्याचा गोषवारा असा: "आपल्या बायकांना चूल सोडा म्हणणारी अमेरिका स्वतःच्या शाळा आणि सरकारी इमारती लाकूड जाळून गरम ठेवते. त्यासाठी जंगलं तोडते, पोरांना धूर खायला लावते. शास्त्रज्ञच सांगतात, लाकूड तर कोळशापेक्षा जास्त कार्बन सोडतं. आणि वर याला हरित ऊर्जा म्हणते. सगळं ढोंग." पाठवणारी माणसं चांगली आहेत, जंगलाची त्यांना काळजी आहे. मलाही आहे, म्हणूनच एकेक मुद्दा घेते.

आधी जंगलतोड. शाळा लाकडावर गरम ठेवायचा हा प्रकार जिथे रुजला त्यातलं एक ठिकाण म्हणजे मोंटाना राज्यातलं डार्बी हे छोटं गाव. २००० सालच्या उन्हाळ्यात तिथल्या बिटररूट खोऱ्यात वणवे पेटले आणि तीन लाख एकरांहून जास्त जंगल जळालं. नदीच्या पात्रात उभी राहिलेली एल्क हरणं आणि मागे लालभडक पेटलेला डोंगर, हा फोटो अनेकांनी पाहिला असेल. तो ६ ऑगस्ट २००० ला याच खोऱ्यात काढलेला. त्यानंतर गावांच्या आसपासचं दाट झालेलं जंगल विरळ करायचं काम वाढलं. बारीक, दाटीतली झाडं काढायची, चांगली मोठी ठेवायची. यातून फांद्या, शेंडे, वेडीवाकडी खोडं निघतात. त्यांना गिऱ्हाईक नसतं. मग त्यांचे ढीग रचतात आणि बर्फ पडायला लागलं की उघड्यावर पेटवून देतात.

विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, की आपणही पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) उपटून धुऱ्यावर ढीग लावतो आणि काडी ओढतो. दोन दिवस गावभर धूर.

डार्बीच्या शाळांनी २००३ मध्ये तेलाऐवजी अशा लाकडावर चालणारा बॉयलर सुरू केला. म्हणजे 'झाड वाचवायचं की शाळा तापवायची' असा प्रश्न तिथे नव्हताच. तो ढीग जळणारच होता, प्रश्न फक्त कुठे जळणार एवढाच होता. शिवाय शाळेला चिप्स, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे, ज्या भावात मिळतात, त्या भावासाठी इमारती लाकडाचं झाड कोणी पाडत नाही. आरागिरणीत त्याच खोडाला कितीतरी पट पैसा मिळतो.

आता कार्बन. हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि मजकुरातलं वाक्य आकड्यापुरतं खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचे (आयपीसीसी) प्रमाण आकडे बघा: एक टेराज्यूल (ऊर्जेचं एक मोठं माप) उष्णतेसाठी लाकूड सुमारे ११२ टन कार्बन डायऑक्साइड सोडतं, दगडी कोळसा ९५ च्या आसपास, डिझेल ७४, नैसर्गिक वायू ५६. धुराड्यापाशी उभं राहून मोजलं तर लाकूड हरतंच. जे लोक 'लाकूड म्हणजे शून्य कार्बन' सांगत फिरतात, तेही चुकीचंच सांगतात.

पण हिशेब धुराड्यापाशी संपत नाही. तेल जमिनीखाली राहिलं असतं तर त्यातला कार्बन लाखो वर्षं तिथेच राहिला असता. फांद्यांचं तसं नाही. ढीग पेटवला तर त्यातला कार्बन त्याच दिवशी हवेत जातो, आणि नुसता पडू दिला तरी कुजून काही दशकांत बहुतेक जातोच. म्हणून 'हे लाकूड बॉयलरमध्ये आलं नसतं तर त्याचं काय झालं असतं?' हे विचारल्याशिवाय कुठलाही आकडा फेकू नये. उभं, वाढतं झाड तोडून जाळलं तर उत्तर वाईट येतं. ते पुन्हा वाढायला पन्नास-शंभर वर्षं लागतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पाचशेहून जास्त शास्त्रज्ञांनी जागतिक नेत्यांना पत्र लिहून विरोध केला तो याच गोष्टीला, ऊर्जेसाठी झाडं तोडण्याला. मजकुरात शास्त्रज्ञांचा दाखला देतात, पण त्याच पत्रात कागद आणि लाकूड उद्योगातल्या टाकाऊ मालापासून उष्णता-वीज करण्याची बाब वेगळी काढली आहे, कारण त्यासाठी जादा तोड होत नाही, हे सांगत नाहीत. इंग्लंडमधलं ड्रॅक्स वीज केंद्र वर्षाला लाखो टन लाकडी गोळ्या अटलांटिकपलीकडून आणून जाळतं आणि त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. त्यावर टीका व्हायलाच हवी. शाळेचा बॉयलर नुसती उष्णता देतो, लाकडातली सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा कामी लावतो, आणि त्याला हंगामात काहीशे टन पुरतात. ड्रॅक्सचं पाप डार्बीच्या माथी कसं मारणार?

धुराबद्दल मात्र मला घरचंच सांगावं लागेल. श्रावणात सरपण ओलं असायचं. चुलीत घातलेल्या लाकडाचं एक टोक पेटायचं आणि दुसऱ्या टोकातून फेस येऊन सूं-सूं आवाज यायचा. आई फुंकणी घेऊन वाकलेली, डोळे लाल, पदराने नाक पुसतेय. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. ज्योत थंड, हवा अपुरी, ओल जास्त, म्हणून ते अर्धवट जळतं. चुलीत शंभरातली दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते.

बॉयलरमध्ये चिप्स मळसूत्रासारख्या फिरत्या दांड्याने थोड्या थोड्या आत जातात, हवा पंख्याने मोजून दोन ठिकाणी सोडतात आणि निघालेला वायूही तिथेच जळून जातो. धुराबरोबर उडणारी राख गाळणी असेल तर तीत अडते, आणि जो थोडा धूर निघतो तो उंच धुराड्यातून बाहेर जातो. वर्गात येतं ते फक्त नळीतलं गरम पाणी. धूर शून्य असतो असं मी म्हणणार नाही, गॅसपेक्षा तो जास्तच असतो. शाळेच्या आवारात गाळणीशिवाय बॉयलर बसवायला कोणी परवानगी मागितली तर मीही विरोध करीन. पण तुलना करायची तर उघड्यावर पेटलेल्या ढिगाशी करा.

'हे सगळं दिखाव्यासाठी' हा शेवटचा आरोप. अलास्कातल्या टोक गावाला विचारा. हिवाळ्यात तिथे पारा उणे ४५ च्याही खाली जातो. १९९० मध्ये वणवा गावाच्या तोंडाशी आला होता. २०१० मध्ये तिथल्या शाळेने गावाभोवतीचं जंगल विरळ करून निघालेल्या लाकडावर बॉयलर सुरू केला, आणि डिझेलचे जे पैसे वाचले त्यातून संगीताचा शिक्षक ठेवता आला. व्हरमाँटमध्ये १९८० च्या दशकापासून डझनावारी शाळा असंच करतात. तिथली राजधानी माँटपेलिअर २०१४ पासून चिप्सवर चालणाऱ्या एकाच केंद्रातून विधानभवन, नगरपालिका आणि शाळेला उष्णता पुरवते.

सगळीकडे जमतं असंही नाही. नेव्हाडात कार्सन सिटीच्या तुरुंगातला असा प्रकल्प खर्च परवडेना म्हणून काही वर्षांतच बंद पडला. स्वस्त गॅसची नळी दारात असेल, किंवा लाकूड शेकडो मैलांवरून आणावं लागत असेल, तर या भानगडीत पडू नये. आणि जंगलातली जाडजूड वाळकी खोडं तर जागीच राहू द्यावीत, सुतारपक्षी त्यांतच घर करतात.

आपल्याकडे शाळा तापवायची गरजच नाही, तेव्हा नक्कल करण्याचा प्रश्न येत नाही. आमच्याकडे पऱ्हाट्यांचा पांढरा कोळसा (भुगा दाबून केलेल्या जळाऊ विटा) करणारे कारखाने आहेत, ढीग पेटवण्यापेक्षा तो रस्ता जवळचा. आईकडे आता गॅस आहे, पण सिलिंडर महागला की अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. 'अमेरिकेतही लाकूडच जाळतात' म्हणत कोणी तिला पुन्हा त्या धुरात बसवू नये, म्हणून हे एवढं लिहिलं.