मालकांचे उत्तर : ‘ब्लॅक बुक वेळेवर दिलं नाही, काउंटरवरची बाई उद्धट’

नमस्कार सर,

तुमच्या ब्लॅक बुकबद्दलचा, म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या हार्ड बाइंडिंग केलेल्या प्रतींबद्दलचा, एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलाने वाचून दाखवला. कव्हरवर स्पेलिंग चुकलं, अनुक्रमणिकेतला पान नंबर चुकला, बुधवारी देतो सांगून गुरुवारी दिलं, पैसे जास्त घेतले आणि काउंटरवरची बाई उद्धट आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती बाई म्हणजे मी. टायपिंग-बाइंडिंगचं हे दुकान माझ्याच नावावर आहे. तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे आहात, पण दुकानात मी सगळ्यांना अहो-जाहोच करते, म्हणून इथेही तसंच लिहिते.

आधी माफी मागते. कव्हरवर ‘इंजिनिअरिंग’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘ई’ गळला, तो पाचही प्रतींवर गळला आणि सोनेरी अक्षरांत गळला. त्याला सबब नाही. आमचे बाइंडर अजून धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून, तापवून सोनेरी फॉइल मारतात. खिळ्यांवर अक्षर उलटं असतं, वाचायला सवय लागते. पण सवय आम्हाला असायला हवी, तुम्हाला नाही. चूक आमची.

आता वेळेचं. ते वाक्य मला रात्रभर टोचलं. या गल्लीत आमच्यासारखी तीन दुकानं आहेत. मुलं दुकान निवडतात ते एकच विचारून, ‘वेळेवर देतात का?’ मार्चअखेर ते मे, एवढ्या दिवसांवर आमचं वर्षाचं भाडं निघतं. बाकी वर्षभर आधार कार्डची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो.

तुमच्या बिलावर माझ्या अक्षरात लिहिलंय : ‘फायनल पीडीएफ मंगळवार दुपारी ४, सह्यांचे सर्टिफिकेट सोबत. डिलिव्हरी बुधवार रात्री ८.’ बिलाची दुसरी प्रत माझ्याकडे आहे. फाइल आली मंगळवारी रात्री ९ वाजून ५२ मिनिटांनी, व्हॉट्सॲपवर. पीडीएफ नाही, वर्डची. दुकान साडेनऊला बंद होतं. मी घरी कुकर लावला होता, तरी ती उघडून पाहिली.

फाइल गूगल डॉक्समधून उतरवलेली, कागदाचा साइज लेटर. लेटर म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर, आणि आपल्याकडे कॉलेजला लागतो ए-फोर, २१० बाय २९७. शिवाय चारही बाजूंना एक-एक इंच मार्जिन. तुम्हीच दिलेल्या डिपार्टमेंटच्या कागदावर डावीकडे दीड इंच लिहिलं होतं. तो अर्धा इंच शोभेचा नसतो सर. हार्ड बाइंडिंगमध्ये शिवणीची बाजू आत जाते, तेवढी जागा सोडली नाही तर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर पुस्तक फाकवून वाचावं लागतं. हे दोन्ही नीट केल्यावर मजकूर खाली सरकला आणि ८६ पानांचा रिपोर्ट ९० वर गेला.

आणि अनुक्रमणिका टिंबं मारून हाताने केलेली. हेडिंगला वर्डमधली हेडिंग स्टाइल लावून अनुक्रमणिका वर्डकडूनच करून घेतली असती, तर तिच्यावर क्लिक करून एफ-नाईनचं बटण दाबलं की सगळे नंबर आपोआप बदलले असते. तुम्ही हेडिंग नुसती बोल्ड करून मोठी केली होती. त्यामुळे नव्वद पानं उलटत एकेक नंबर मी हाताने टाकला. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि चॅप्टर एकपासून १, त्यासाठी सेक्शन ब्रेकही टाकले. बुधवारी दुपारी दोनपर्यंत झालं. पावणेचारला तुमची नवी फाइल आली. तिचं नाव होतं ‘फायनल खरंच फायनल’. गाइडनी सांगितलं म्हणून चौथ्या चॅप्टरमध्ये दोन स्क्रीनशॉट वाढवले होते. ते मी बसवले, पण पुढचं सगळं एक पान सरकलं हे माझ्या नजरेतून सुटलं. पाचवा चॅप्टर अनुक्रमणिकेत ५८ वर आणि पुस्तकात ५९ वर. ही चूक माझीच, मान्य. पण रिव्ह्यूत ‘पान नंबर’ एवढंच आलं, फाइल कशी नि कधी आली ते नाही आलं.

त्याहून मोठी गोष्ट सर्टिफिकेटची. ज्या पानावर गाइड, एचओडी म्हणजे विभागप्रमुख आणि प्राचार्यांच्या सह्या आणि कॉलेजचा शिक्का असतो, ते मूळ पान पुस्तकात शिवलं जातं. ते नंतर चिकटवता येत नाही, चिकटवलं तर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, पहिलं तेच उचकटून बघतात. तुमची पाच पानं दुकानात आली बुधवारी संध्याकाळी ६.३५ ला. त्यातल्या दोनांवर प्राचार्यांची सहीच नव्हती. तुम्ही पुन्हा धावत गेलात, सव्वासातला आलात, घामाघूम झाला होतात. पाणी कोणी दिलं ते तुम्हाला आठवत असेल.

त्यानंतर माझे मिस्टर पाच गठ्ठे पिशवीत घालून दादरहून स्लो लोकलने लोअर परळला बाइंडरच्या गाळ्यावर गेले. मधे एकच स्टेशन आहे, पण संध्याकाळची ती गर्दी आणि हातात सुटी पानं. बाइंडर आठ वाजता शटर ओढायच्या बेतात होते. शिवण घालून, फेविकॉल लावून गठ्ठा प्रेसखाली ठेवला की रात्रभर हलवता येत नाही. घाईने काढला तर पाठ सुटते आणि वायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलावर पानं पसरतात. सकाळी कडा कापायच्या, मग पुठ्ठा चढवायचा, मग फॉइल. मिस्टर सकाळी नऊपासून तिथे उभे होते. अकरा वीसला पुस्तकं तुमच्या हातात पडली. सबमिशन एक वाजेपर्यंत होतं आणि ते झालंही. म्हणजे ‘सबमिशन हुकणार होतं’ हे खरं, पण हुकलं नाही, हे लिहायचं राहून गेलं.

उद्धटपणाबद्दल. मंगळवारी सकाळी तुम्ही म्हणालात, ‘काकू, कन्क्लुजन (शेवटचा निष्कर्ष) तुम्हीच लिहा ना, चॅटजीपीटीवरून काढा.’ मी नाही म्हटलं, आणि कदाचित जोरात म्हटलं, कारण त्या आठवड्यात तुम्ही सहावे होतात. वरून आणखी विचारलंत की सिमिलॅरिटी, म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग, २३ टक्के आलीय, दहाच्या आत आणायला शब्द बदलून देता का. सर, मी टायपिस्ट आहे. मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द, दोन्ही सरकारी परीक्षा टाइपरायटर मशीनवर बसून पास झालेय, तेव्हा चूक खोडायला व्हाइटनर लागायचा. मी मार्जिन लावीन, टेबल सरळ करीन, फिगरखाली नंबर टाकीन. तुमच्या सेन्सरने काय मोजलं आणि का चुकलं ते मी कुठून लिहू? वायव्हाला विचारणार तुम्हाला. ज्या ग्रुपचं कन्क्लुजन बाहेरून लिहून आलेलं असतं, ती मुलं वायव्हाच्या आदल्या दिवशी माझ्याच काउंटरवर उभी राहून ते पहिल्यांदा वाचतात. मी पाहते ना.

पैशांचं फार लिहीत नाही. दर पाटीवर लिहिलेले आहेत, हार्ड बाइंडिंग एका प्रतीला २५०. फॉरमॅटिंगचे ९० पानांचे पैसे मी लावलेच नव्हते, बिल पाहा.

(आणि जाता जाता, तुम्ही लिहिलंय की कव्हर काळं हवं होतं, मरून दिलं. मुंबईत सगळेच ब्लॅक बुक म्हणतात, पण तुमच्या डिपार्टमेंटच्या कागदावर रंग मरूनच आहे. काळं दिलं असतं तर परत आलं असतं.)

यापुढे कव्हरवरचा मजकूर आधी व्हॉट्सॲपवर पाठवून ‘ओके’ घ्यायचा, असं मिस्टरांशी बोलणं झालंय. सीझनमध्ये किती जमेल बघू, पण करू. अनुक्रमणिका शेवटी एकदा दुसऱ्या माणसाने बघायची, तेही. मुलगा परीक्षेतून मोकळा झाला की त्याला बसवीन.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. जमलं तर फाइल किती वाजता दिली तेवढं त्यात जोडा. या आठवड्यात दोन मुली काउंटरपर्यंत आल्या, मोबाइलमध्ये बघितलं आणि समोरच्या दुकानात गेल्या.

बरोबर स्पेलिंगची पाच कव्हरं बाइंडरकडून करून आणली आहेत, त्याचे पैसे नाहीत. पुस्तकं घेऊन या, संध्याकाळी सोडून जा, दुसऱ्या दिवशी दुपारी मिळतील. तुमचा पेनड्राइव्हही इथेच राहिलाय, लाल दोरीचा. गल्ल्यात ठेवलाय.