दया दाखवणारं सैन्य हरतं म्हणे!

सैन्यभरतीच्या तयारीला लागलेल्या माझ्या भाच्याने परवा एक फिरता मजकूर स्टेटसला ठेवला. त्याचा सारांश असा: युद्धात सामान्य माणसांची कीव करणारं सैन्य हरतं, जिंकणाऱ्यांनी ती कधीच केली नाही, शिवाजी महाराजांच्या दयेच्या गोष्टी नाटकवाल्यांनी रचल्या, आणि नागरिकांना वाचवायचे नियम ही जिनिव्हाच्या गोऱ्यांची थेरं. उद्या हातात बंदूक घेणाऱ्या पोराच्या डोक्यात हे भरलं जातंय, म्हणून गप्प बसवत नाही.

नाटकवाल्यांचं एवढं मान्य करते की कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट समकालीन कागदांत सापडत नाही. सोडून द्या ती. तिच्यावाचून काही अडत नाही, कारण खुद्द महाराजांचं पत्र आहे.

राज्याभिषेकाच्या सुमाराचं हे पत्र चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं आहे. पावसाळ्यासाठी दाणा, गवत साठवलेलं. महाराज बजावतात की आत्ताच मनाला येईल तसं उधळलंत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही गावात शिराल. कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी सरपणाचे फाटे, कुणी भाजीपाला. कसाबसा जीव धरून राहिलेले कुणबीही मग परागंदा होतील, कित्येक उपाशी मरतील, आणि मुलखात मोगल आले त्याहून तुम्ही वाईट, असं लोकांना होईल. लागेल ते बाजारातून विकत आणा, कुणावर जुलूम नको. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत बारकाईने लिहिलंय! हे ज्याने एकदा वाचलं, त्याला दया म्हणजे कमजोरी असं म्हणायला जीभ रेटेल कशी? गाव ओस पडलं तर पुढच्या वर्षी दाणा पिकवणार कोण? रयतेची काळजी आणि लष्करी शहाणपण इथे एकच आहे. (भाजीच्या देठाचं ते प्रसिद्ध वाक्य या पत्रातलं नाही, बरं का. ते १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात आहे. आपल्या बाजूचे लोकही दोन्हींची सरमिसळ करतात.)

कुणी म्हणेल, ही तर स्वतःची रयत, शत्रूच्या मुलखाचं काय? प्रश्न रास्त आहे. परमुलखात बायकापोरं धरू नयेत, हा महाराजांच्या लष्कराचा नियम कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या शिवचरित्राच्या बखरीत नोंदवलाय. सभासद घरचा माणूस म्हणून पटत नसेल तर खाफीखान घ्या. महाराजांना शिव्या घालणारा हा मोगल इतिहासकार, तरी लूट करतानाही मशिदींना, कुराणाला आणि कुणाच्या स्त्रियांना धक्का लावायचा नाही असा त्यांचा दंडक होता, हे त्याला लिहावंच लागलं. सुरतेची लूट झाली, तिथे कैद्यांचे हात तोडल्याचं इंग्रजांनी लिहून ठेवलंय, तेही मी झाकत नाही. पण त्यावरून नियमच नव्हते असं ठरत नाही.

जिनिव्हाबद्दल फार लिहायची गरज नाही. नागरिकांच्या संरक्षणाचा १९४९चा करार भारताने १९५० साली मान्य केला आणि १९६० साली आपल्याच संसदेने त्यासाठी कायदा केला. भाचा भरती झाला तर त्याला तो पाळावाच लागेल.

आणि म्हणे जिंकणाऱ्यांनी दया कधीच केली नाही! १७ डिसेंबर १९७१. आदल्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली होती, पण तिथल्याच धानमंडी भागात बांगलादेशचे नेते शेख मुजीब यांच्या कुटुंबावर पहारा देणाऱ्या पाकिस्तानी सैनिकांचा त्यावर विश्वास बसेना. भारतीय लष्कराचे मेजर अशोक तारा स्वतःचं शस्त्र मागे ठेवून एकटे त्या घरापर्यंत चालत गेले. रोखलेल्या बंदुकीसमोर उभं राहून त्यांनी बोलणी केली, तुम्हाला सुखरूप जाऊ देऊ असा शब्द दिला आणि आतली बायकामुलं सोडवली. पहारेकऱ्यांना दिलेला शब्दही त्यांनी पाळला. हे मेजर जिंकलेल्या सैन्याचे होते.