दोतोनबोरीला ‘फोटो स्टॉप’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे

‘दोतोनबोरी? छे, ते सगळं पर्यटकांसाठी मांडलेलं आहे. खरा जपान बघायचा तर क्योटोच्या गल्ल्यांत जा.’

दोतोनबोरी हा जपानमधल्या ओसाका शहरातला कालव्याकाठचा, झगमगत्या पाट्यांचा आणि खाण्याचा भाग. तिथे जाऊन आल्यापासून हे मी इतक्यांकडून ऐकलंय की आज सविस्तर लिहायलाच बसले. बोलणारे बहुतेक जण जपान कोळून प्यायलेले असतात. दुसरीकडे आपल्या टूरवाल्यांच्या पत्रकात हाच भाग ‘दोतोनबोरी – फोटो स्टॉप’ एवढ्या तीन शब्दांत उरकलेला असतो. संध्याकाळी बसमधून उतरायचं, पुलावर उभं राहून त्या धावणाऱ्या माणसाच्या जाहिरातीसमोर हात वर करून फोटो काढायचा, की परत बस. एक जण या जागेला खोटी ठरवतो, दुसरा अर्ध्या तासात संपवतो. मला दोघांचंही पटत नाही. आम्ही नाम्बा स्टेशनजवळच राहिलो होतो, त्यामुळे हा सगळा भाग सकाळी, दुपारी, रात्री, पावसात असा मनसोक्त पायाखाली घातला. त्यावरून सांगते.

आधी ‘खोटेपणा’चं बघू. १६१२ साली दोतोन नावाच्या एका माणसाने पदरचे पैसे घालून इथे कालवा खणायला घेतला. काम पुरं व्हायच्या आत, १६१५ साली, ओसाकाच्या लढाईत तो मारला गेला, आणि तोही हरलेल्या बाजूने. कालवा त्याच्या नातलगांनी पुरा केला. जिंकलेल्यांनी नेमलेला नवा सरदार मात्सुदाइरा तादाआकी याने त्या कालव्याला नाव मात्र दोतोनचंच दिलं. शत्रूपक्षातल्या माणसाचं नाव! मला ही गोष्ट फार आवडते.

त्यानंतर काही वर्षांतच शहरातली नाटकगृहं या कालव्याच्या दक्षिण काठावर वसवली गेली. काबुकी, म्हणजे नटांनी नाचत-गात केलेली नाटकं, आणि बाहुल्यांची नाटकं दोन्ही. १६८४ साली ताकेमोतो गिदायू या गायकाने आपलं बाहुली-नाट्यगृह काढलं तेही इथेच, आणि चिकामात्सू मोंझाएमोनसारखा नाटककार त्याच्यासाठी लिहीत होता. ओसाकात खरोखर घडलेल्या एका प्रेमी जोडप्याच्या आत्महत्येवरचं त्याचं नाटक १७०३ मध्ये इथे आलं आणि प्रचंड गाजलं. त्या काळी प्रयोग दिवसभर चालायचे. दिवसभर बसलेल्या माणसाला भूक लागणारच, तेव्हा नाटकगृहांच्या आजूबाजूला प्रेक्षकांना खाऊपिऊ घालणारी चहागृहं उभी राहिली. म्हणजे झगमगाट, गर्दी आणि खाणं हे तिन्ही या जागेत चारशे वर्षांपासून आहे. लोकांनी यावं, बघावं, खावं, पैसे खर्च करावेत याच हेतूने वसवलेली ही जागा आहे. तिथे जाऊन ‘हे फार दिखाऊ आहे’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. दिखाऊपणा हा इथला पिढीजात धंदा आहे आणि तो ही मंडळी मनापासून करतात.

आता त्या पाट्यांकडे बघा. खेकड्याच्या हॉटेलावर पाय हलवणारा अवाढव्य खेकडा आहे, कुठे इमारतीतून बाहेर आलेला ड्रॅगन आहे, कुठे ऑक्टोपस. ढोल वाजवणारा पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला विदूषक, कुइदाओरे तारो, १९५० पासून एका हॉटेलच्या दारात उभा होता. ते हॉटेल २००८ मध्ये बंद झालं, तर त्या बाहुल्याला निरोप द्यायला लोकांनी गर्दी केली. आज तो थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या इमारतीसमोर ढोल वाजवतो, आणि ती इमारत उभी आहे ती नाकाझा या जुन्या नाटकगृहाच्या जागेवर. इथल्या पाच मोठ्या नाटकगृहांपैकी ते एक. १९९९ मध्ये ते बंद झालं. नाटकगृह गेलं, पण त्याच्या दारात प्रेक्षक जमवणारा सोंगाड्या अजून आहे, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

आणि तो ग्लिकोचा धावपटू. त्याच्यासमोर फोटो काढणाऱ्या किती जणांना तो का धावतोय हे माहीत असतं? ग्लिको ही मूळची कॅरमेल गोळ्यांची कंपनी. कालवं, म्हणजे ऑयस्टर, उकळलेल्या पाण्यातलं ग्लायकोजेन हे ताकद देणारं द्रव्य गोळीत घालून मुलांना पौष्टिक खाऊ द्यायचा, ही संस्थापकाची कल्पना, आणि ‘एका गोळीत तीनशे मीटर’ ही त्यांची घोषणा. तेवढं अंतर धावायची ताकद एका गोळीत आहे, म्हणून हा माणूस शर्यत जिंकून हात वर करतोय. इथली पहिली पाटी १९३५ ची, ३३ मीटर उंच. आत्ता दिसते ती सहावी, २०१४ पासूनची, एलईडीची. फोटो जरूर काढा, मीही काढला. मुलीला तर पुलावरून हलवणं मुश्कील झालं होतं.

आता खाण्याकडे येते, कारण ओसाकात त्याला पर्याय नाही.

ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपसचे गोळे. साचा अगदी आपल्या आप्पेपात्रासारखा, फक्त गोळे पूर्ण गोल व्हावे लागतात. पीठ मात्र आप्प्यांपेक्षा कितीतरी पातळ, जवळजवळ पाण्यासारखं, कारण त्यात दाशी म्हणजे त्यांचं आमटी-रश्शाचं मूळ पाणी घातलेलं असतं. खळग्यांत पीठ ओतलं की ते काठोकाठ भरून वर सगळीकडे पसरतं. त्यात ऑक्टोपसचा तुकडा, पातीचा कांदा, लाल आल्याचं लोणचं, तळलेल्या पिठाची चुरी. मग हातातली सळई खळग्यांच्या मधून रेघा ओढल्यासारखी फिरते, पसरलेलं पीठ आत ढकललं जातं, आणि एकेक गोळा पाव पाव वळसा घेत गोल होत जातो. रांगेत उभं राहिल्याचा फायदा हा, की ते हात बघायला मिळतात. काचेच्या अगदी जवळ उभ्या राहा. बाहेरून खमंग, आत जवळजवळ वाहतं. पहिला घास फुंकर मारून, फोडूनच घ्यायचा. या भागात आठ नगांना साधारण ६०० ते ९०० येन पडतात, म्हणजे आपले साडेतीनशे ते पाचशे रुपये.

ओकोनोमियाकीला मात्र बसायला जागा असलेलं हॉटेल शोधा. भरपूर कोबी, किसलेला कंद आणि दाशी घालून कालवलेलं जाड धिरडं तुमच्या समोरच्या तव्यावर भाजतात. वर गोडसर-आंबट सॉस, समुद्री शेवाळाची पूड आणि वाफेने हलणारे कात्सुओबुशीचे, म्हणजे वाळवलेल्या माशाचे, पापुद्रे. छोट्या उलथन्याने तिथेच कापून तव्यावरूनच खायचं. घाईच्या टूरमध्ये हे बसत नाही, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते.

या दोन्ही पदार्थांत दाशी आली. इथे जरा थांबते, कारण ओसाकाच्या चवीचं मूळ तिथे आहे. दाशी ज्याची करतात ते कोंबू नावाचं समुद्री शेवाळ उत्तरेला होक्काइदोत उगवतं. ते ओसाकाचं खास कसं झालं? एदो काळात (१६०३ ते १८६८) मालवाहू जहाजं जपानच्या पश्चिम किनाऱ्याने वळसा घालून ते ओसाकात आणायची. देशभरचा तांदूळही इथेच यायचा; इतका, की १७३० मध्ये दोजिमाच्या तांदूळ बाजाराला सरकारने अधिकृत मान्यता दिली आणि तिथे वायदे चालायचे. व्यापाऱ्यांच्या या शहरात कोंबू मुबलक, पाणी हलकं, त्यामुळे रस्सा कोंबूवर उभा राहिला. शेजारच्या साकाइ गावात सुऱ्या करणारे लोहार पूर्वापार होते, म्हणून कोंबूचे कागदाहून पातळ पापुद्रे काढायचं कामही तिथेच वाढलं. शिन्साइबाशीच्या छताखालच्या लांबलचक बाजारात कपड्यांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांची झुंबड आहे. ती तुम्हाला दुसरीकडेही मिळेल. त्या भागातलं एखादं कोंबूचं जुनं दुकान शोधा. वजनाला हलकं, टिकाऊ, घरी आणायला याच्यासारखी वस्तू नाही.

शाकाहारी मंडळींना मात्र स्पष्ट सांगते. ‘व्हेज आहे’ असं ऐकून भुलू नका. वरून मासळी नाही घातली तरी दाशीत ती बहुतेक वेळा असतेच. उदोन या जाड नूडल्सच्या रश्शात, ओकोनोमियाकीच्या पिठात, सगळीकडे. आमच्या सासूबाई कडक शाकाहारी. त्यांनी भाजलेली रताळी, फळं, लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड आणि मोची, म्हणजे तांदळाचे मऊ गोळे, यांवर आनंदाने दिवस काढले, रात्रीचं जेवण भारतीय हॉटेलात. सोबत ‘मासा, मांस, दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेला कागद ठेवा.

सासूबाईंना सगळ्यात आवडलं ते होझेन्जी. दोतोनबोरीच्या मुख्य रस्त्यापासून दोन मिनिटांवर दगडी फरशीची एक अरुंद बोळ आहे आणि तिथे हे छोटं देऊळ. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हा सगळा भाग जळला. त्यातून या देवळातली मूर्ती वाचली. भाविक तिच्यावर पाणी घालतात, आणि वर्षानुवर्षं घातलेल्या पाण्याने अंगभर इतकं दाट शेवाळ चढलंय की चेहराही ओळखू येत नाही. हा देव फुदो म्योओ, म्हणजे बौद्ध परंपरेतला अचल, अचलनाथ. भारतातून चीनमार्गे गेलेला. हे सांगितल्यावर सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला, ओघराळं भरून पाणी घातलं आणि तिथल्या बाकीच्या माणसांसारखेच हात जोडले. शेजारीच झेंझाई मिळतं, अझुकीचं गरम गोड. एका माणसासाठीही दोन वाट्या येतात, जोडप्याच्या नावाने. तिथे मात्र त्या पोटभर जेवल्या.

कुरोमोन बाजाराबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. जवळपास ६०० मीटर लांब, दीडशेच्या आसपास दुकानं, ओसाकातल्या हॉटेलांचे आचारी वर्षानुवर्षं मासळी घ्यायला यायचे तो हा बाजार. आज बऱ्याच गाळ्यांवर बीफच्या काड्या आणि भाजलेल्या शेवंडी परदेशी माणसाच्या खिशाकडे बघून लावलेल्या भावात विकल्या जातात. इथे पर्यटकांनी जागा बिघडवली ही तक्रार मला मान्य आहे. दोतोनबोरी आल्यागेल्यासाठीच वसली होती, कुरोमोन तशी नव्हती. तरी सकाळी लवकर जा, लोणच्याची आणि भाजीची दुकानं बघा, आणि भावाची पाटी वाचल्याशिवाय काही मागवू नका.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी जागा, जिचं नाव मला एकाही टूरच्या पत्रकात दिसलं नाही: सेन्निचिमाए दोगुयासुजी. दीडशे मीटरची छोटी गल्ली, पण हॉटेल चालवायला जे जे लागतं ते सगळं इथे. ताकोयाकीचे बिडाचे आणि तांब्याचे साचे, उलथनी, सुऱ्या, कागदी कंदील, दारावर लावायचे कापडी पडदे, ‘उघडं आहे’च्या पाट्या. मुख्य रस्त्यावर जो देखावा दिसतो त्याचं सामान इथून जातं. काचेच्या कपाटांत ठेवतात ते खोटे पदार्थही इथे मिळतात: चमकणारी करंजीएवढी ग्योझा, फेसाळती बिअर, हवेत तरंगणाऱ्या काट्यावरचं स्पगेटी. हा धंदा मोठा करणारे इवासाकी ताकिझो हे गुजो हाचिमान गावचे. १९३२ मध्ये त्यांनी ओसाकातच मेणाच्या पदार्थांचा व्यवसाय सुरू केला. सुरीच्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदारांनी माझ्या नवऱ्याला आधी ‘काय कापता?’ विचारलं. भाज्या, म्हटल्यावर महागडी सुरी बाजूला सारून साधी, चौकोनी पात्याची काढून दिली. स्वस्त होती. धार लावून, कागदात गुंडाळून दिली. (सुरी चेक-इन बॅगेतच टाका.)

गर्दीतले दोन नियम पाळा, इतकीच विनंती. रस्त्यावर कचऱ्याचे डबे कमी आहेत. जिथे घेतलं तिथेच उभं राहून खा आणि रिकामा ट्रे त्याच दुकानात द्या. आणि फोटोसाठी पुलाच्या मधोमध घोळका करू नका, तिथून कामावरून घरी जाणारी माणसंही चाललेली असतात.

नाम्बात राहणाऱ्यांसाठी अजून एक. इथूनच नानकाइ रेल्वेने कोयासानला, म्हणजे डोंगरावरच्या बौद्ध देवळांच्या गावाला, जाता येतं. शेवटचा टप्पा केबल कारचा. तिथल्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभारला गेला. देवळांमधून शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. सासूबाईंचा बेत त्या दिवशी खराखुरा जमला.

जाणार असाल तर एक संध्याकाळ बाहुल्यांसाठी राखून ठेवा. राष्ट्रीय बुनराकू (म्हणजे बाहुल्यांचं नाटक) नाट्यगृह १९८४ मध्ये इथेच, निप्पोनबाशीला, दोतोनबोरीहून चालत जाण्याच्या अंतरावर उभं राहिलं. एका बाहुलीला तीन माणसं हलवतात. मुख्य कलाकाराचा चेहरा उघडा, बाकी दोघे काळ्या कपड्यांत. बाजूला बसून बहुतेकदा एकच गायक सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, शामिसेन हे तंतुवाद्य वाजतं. इंग्रजीतून कानात समजावणारं यंत्र भाड्याने मिळतं. प्रयोग वर्षभर नसतात. प्रामुख्याने जानेवारी, एप्रिल, उन्हाळा आणि नोव्हेंबर. तेव्हा विमानाचं तिकीट काढायच्या आधी त्यांचं वेळापत्रक बघा.