नागपुरातला स्क्रूड्रायव्हर

नागपुरात राहून डब्यातला संत्र्याचा रस विकत आणायचा म्हणजे अब्रूचा प्रश्न. वोडकाची बाटली शेजाऱ्यांना दिसली तरी चालते, तो डबा दिसता कामा नये. त्यामुळे पुण्याहून आलेल्या साडूभाऊंनी 'आज स्क्रूड्रायव्हर करू', म्हणजे वोडका आणि संत्र्याच्या रसाचं कॉकटेल, असं म्हटल्यावर मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या झाडांची, पिशवीभर संत्री आली. वोडका कायद्याने आली, म्हणजे एका दिवसाच्या परवान्यासकट. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात. ही माहिती साडूभाऊंना त्यांच्या पन्नाशीत मिळाली.

"50 मिली वोडका, 100 मिली रस, बर्फ. यात बिघडण्यासारखं काय आहे?" साडूभाऊ म्हणाले. कृती बरोबर होती, पण ती नागपुरी संत्र्याला कोणी विचारून लिहिलेली नव्हती.

नागपुरी संत्र्याची साल सैल. सोलायला सुख, पिळायला ताप. अर्धं कापून मोसंबीच्या यंत्रावर दाबलं की साल हातात राहते, फोडी यंत्रावर लोळतात आणि रस शर्टावर येतो. मिक्सर लावावा, तर बिया भरडल्या जाऊन सगळं कडू. शेवटी लग्नघरात वाल सोलायला बसावं तसं आम्ही सगळे जमिनीवर गोल करून बसलो. फोड सोलायची, शिरा ओढायच्या, बी काढायची. मुलं मदत करत होती, म्हणजे सोललेल्या फोडी खात होती.

एवढ्या कष्टाने काढलेला रस अप्रतिम होता. तो तेव्हाच प्यायला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण साडूभाऊंनी तो 'नीट गार होऊ दे' म्हणून फ्रिजमध्ये ठेवला. या संत्र्याच्या रसात लिमोनिन नावाचं एक प्रकरण असतं. पिळल्या पिळल्या त्याचा पत्ता नसतो, रस ठेवला की ते हळूहळू तयार होतं आणि गोड रस कडवट होत जातो. रसाचे कारखानेवाले यापायी डोकं धरून बसतात, तिथे आमच्या फ्रिजची काय कथा.

कडवटपणावर साडूभाऊंनी आधी साखरेचा पाक ओतला. मग मीठ. मग, बायको नको म्हणत असताना, गुलाबाचं सरबत. ते मात्र पाकाच्या जडपणाने ग्लासच्या तळाशी जाऊन बसलं आणि वर केशरी, खाली लाल असा सूर्योदय दिसू लागला. "टकीला सनराइजमध्ये हीच युक्ती असते," साडूभाऊ म्हणाले. फोटो निघाले. एकजात सुंदर.

मग ग्लास मामांच्या हातात गेला. मामा काटोलचे. आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलेलं. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"हे तं देशी दारूतला संत्रा होय ना बे! सरकारमान्य दुकानात तयार भेटते. एवढे सोलत काऊन बसले?"

साडूभाऊंचा चेहरा सूर्योदयाच्या खालच्या थरासारखा झाला. मामांनी ग्लास बाजूला सारला, वोडका पाण्यात घेतली आणि चखण्याला सोललेलं संत्रं मागितलं, वरून थोडं मीठ. घरात एकही शिल्लक नव्हतं. साडूभाऊंना रात्री चौकात पिटाळलं. त्यांनी जाता जाता दारातून विचारलं, "याला परवाना लागतो का?"