सुईनं बोटं टोचून वारं उतरत नाही

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. कुणा चिनी प्राध्यापकाच्या नावानं फिरतो. म्हणे, लकवा मारलेल्या, म्हणजे अंगावरून वारं गेलेल्या माणसाला जागेवरून हलवू नका, हलवलं तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. सुईनं दहाही बोटांची टोकं टोचून रक्त काढा. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा, पाळ्यांना टोचा. माणूस सावरला की मग दवाखान्यात न्या. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या मावशीनं हे खरं मानून काकांना पाऊण तास घरातच ठेवलं होतं. म्हणून लिहितोय.

आधी बोटांचं. आपल्या बोलण्यात 'नस' हा एकच शब्द दोन गोष्टींना चालतो. 'कमरेत नस दबली' म्हणतो तेव्हा तो मज्जातंतू असतो. 'सलाईनला नस सापडेना' म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी. मेसेज याच फटीतून आत शिरतो: बोटातली नस मोकळी केली की मेंदूतलीही मोकळी होईल, असं वाटतं. बोटाचा मज्जातंतू मनगट, दंड, काख असा वर चढत मानेतल्या मज्जारज्जूला मिळतो. पण त्यातून विजेसारखा संदेश जातो, रक्त नव्हे. मेंदूला रक्त देणाऱ्या मोठ्या धमन्या चार: दोन मानेच्या पुढून, दोन मणक्यांतून. बोटातून चार थेंब काढल्यानं तिथं अडकलेली रक्ताची गुठळी हलत नाही. सुई टोचल्यावर मेंदूला फार तर कळेल की बोट दुखलं, आणि लुळ्या हाताचं असेल तर कदाचित तेही कळणार नाही.

कानाचंही तसंच. चेहऱ्याचे स्नायू मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या सातव्या जोडीवर चालतात. लकव्यात बिघाड मेंदूत असतो, पाळीत नाही.

'हलवू नका' हे मात्र सगळ्यात घातक. मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. सुमारे 1400 ग्रॅमचा मेंदू त्यात 50 ग्रॅमच्या आसपासच भरतो, म्हणून माणसाला उचलून नेल्यानं त्यातल्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला गाडी आदळते हे मान्य, पण त्या धक्क्यांच्या भीतीनं माणूस घरात ठेवायचा नसतो. शिवाय दहातल्या साधारण आठ जणांत रक्तवाहिनी फुटलेलीच नसते, गुठळीनं बंद झालेली असते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा 2 टक्के, पण प्राणवायू लागतो 20 टक्के, आणि साठा जवळपास काहीच नाही. मोठी धमनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवायचं नेहमीचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. जंगलपट्टीतल्या गावातून बेळगावला पोचायचा वेळ याच साडेचार तासांतून जातो. मावशीचा पाऊण तासही त्यातूनच गेला. काकांचा उजवा हात अजून घास उचलत नाही.

मग 'आमच्या आजोबांना टोचल्यावर बरं वाटलं' असं लोक सांगतात, ते खोटं बोलत नाहीत. कधी कधी गुठळी आपोआप सुटते, तोंड आणि हात काही मिनिटांत पूर्ववत होतात. श्रेय सुईला मिळतं. खरं तर तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो, आणि त्यानंतरचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे. बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आपण म्हणतो 'अंगावरून वारं गेलं'. शेजारी कन्नडमध्ये म्हणतात पार्श्ववायू. दोन्ही भाषांत वारा आहे, म्हणून भोक पाडलं की निघून जाईल असं वाटत असावं.

तेव्हा हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला लावा, एक वाक्य बोलायला सांगा. एक जरी गोष्ट बिघडलेली दिसली तर 108 लावा आणि घड्याळ बघा. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, गिळता येत नसेल तर श्वासनलिकेत जातं.

आणि आपल्या भागासाठी एक गोष्ट. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, तिथं इजा झाली की बोलणं जातं. ॲम्ब्युलन्समध्ये कन्नडमधून प्रश्न आला आणि फक्त मराठी येणारी आजी गप्प राहिली, तर वाचा गेली की भाषा कळली नाही हे तिथल्या माणसाला कसं समजणार? दोन्ही भाषा येणारं घरचं माणूस सोबत पाठवा. सकाळी सात वाजता आजी नीट बोलत होती, एवढं त्याला सांगता आलं पाहिजे.