खुलासा: शाब्लीच्या बर्फाळ वेलींचा तो फोटो

द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपांवर एक फोटो फिरतोय. काचेसारख्या बर्फात गुरफटलेल्या वेली, आणि खाली मजकूर: 'फ्रान्सच्या शाब्लीत बर्फवृष्टी, द्राक्षबागा संपल्या.' हा मजकूर चुकीचा आहे.

तो बर्फ आकाशातून पडलेला नाही, शेतकऱ्यांनीच मुद्दाम धरवलेला आहे. फोटो मोठा करून पाहा: बर्फ पारदर्शक आहे, आत कोवळा हिरवा कोंब दिसतो आणि ओळींमध्ये तुषार सिंचनाचे नळ उभे आहेत. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बाहेरचा पारा शून्याखाली गेला तरी कोंबाचं तापमान शून्याच्या आसपास टिकतं. मात्र पाणी रात्रभर चालू ठेवावं लागतं, अगदी सकाळी बर्फ वितळेपर्यंत. मध्येच थांबलं तर कोंब गेलाच म्हणायचा.

शाब्ली हे गाव फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनसाठी प्रसिद्ध प्रदेशाच्या उत्तर टोकाला, सरँ नदीच्या खोऱ्यात आहे. शार्दोने या तिथल्या द्राक्षजातीला कोंब लवकर फुटतात, म्हणून एप्रिलमधलं दव गोठलं की धोका. काही बागांत पाण्याऐवजी ओळींमध्ये पॅराफिनच्या मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. 'बागांना आग लागली' म्हणून फिरणारे फोटोही बहुधा त्यांचेच असतात. निफाडला थंडीत शेकोट्या पेटवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

नुकसान होतच नाही असं मात्र नाही. एप्रिल २०२१ च्या थंडीने शाब्लीला जबर फटका दिला होता. पण हा फोटो बाग वाचवण्याच्या धडपडीचा आहे. कृपया तो जुन्या मजकुरासह पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.